शेरू जर्मनीला गेला

आमच्या घराण्यातून आजवर पुष्कळ लोक परदेशी गेले. अब्बांचे एक चुलते दक्षिण आफ्रिकेत गेले ते तिकडचेच झाले. मामू कुवेतला होते, दोन चुलतभाऊ दुबईत आहेत, एक बहीण कतारला. कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम घरात विचारा, अशीच यादी मिळेल. पण कुत्रा परदेशी गेला तो आमच्याच घरातून, आणि बहुधा आमच्या मोहल्ल्यातला पहिलाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला. त्याआधीचे पाच महिने त्याची कागदपत्रे माझ्याकडे होती. कारण घरात 'फॉर्म भरणारा माणूस' मीच. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला सगळे खानदान अर्ज, दाखले आणि सात-बारा वाचायला बोलावते, हे नव्याने सांगायला नको.

आधी शेरूबद्दल. तो काही जातिवंत कुत्रा नव्हे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, माझ्या पुतण्याने त्याला गटाराच्या कडेने उचलून आणले. पुतण्या तेव्हा सहा वर्षांचा होता. शाळा बंद, मैदान बंद, शेजारची मुले दाराआड. घरात त्याच्या वयाचे कोणी नाही. पिल्लू आणल्यावर अम्मींनी पहिला प्रश्न विचारला, "हे आत आणलेस कुणाला विचारून?" आणि दुसरा, "याला दूध दिलेस का?" दोन्ही प्रश्न एकाच दमात. आमच्या घरातले शेरूचे स्थान पुढची तीन वर्षे या दोन प्रश्नांच्या मध्येच राहिले. तो वरच्या मजल्यावर भावाकडे राहायचा. खाली आमच्या भागात त्याला पडवीपर्यंत मुभा होती. उंबऱ्याच्या आत नाही.

इतर वाचकांसाठी थोडे सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. महाराष्ट्राच्या बाकी भागातले मुसलमान बहुतेक हनफी. नमाजात हात कुठे बांधायचे यासारख्या फरकांवर लग्नसमारंभात गंमत होते आणि विषय संपतो. पण कुत्र्याच्या बाबतीत फरक रोजच्या जगण्यात येतो. शाफई मतानुसार ओला कुत्रा अंगाला लागला, किंवा आपले अंग ओले असताना कुत्रा लागला, तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातले एकदा मातीच्या पाण्याने. हनफींच्या मते लाळ नापाक आहे, पण कोरड्या अंगाचा स्पर्श झाला म्हणून बिघडत नाही. मालिकी उलेमा तर जिवंत कुत्र्याला मुळातच पाक मानतात. माझी भावजय जालन्याची, म्हणजे हनफी. त्यामुळे जिन्याच्या वर एक फिक्ह आणि जिन्याच्या खाली दुसरा, अशी आमच्या घराची रचना झाली होती. शेरू मधल्या पायरीवर बसायचा.

हौसेसाठी कुत्रा पाळू नये, शिकार, गुरे आणि शेत यांच्या राखणीसाठी पाळावा, असे हदीसमध्ये आहे. ते मी नाकारत नाही. आमच्या घराला परसबाग आहे, नारळ आहेत, वानरे आहेत. शेरू वानरांवर भुंकायचा. त्याला राखण म्हणायचे की नाही, यावर अब्बा असते तर दोन तास बोलले असते. मी शिक्षक आहे, मुफ्ती नाही. एवढे मात्र मला दिसते, की आपल्याकडे कुत्र्याविषयी एकच हदीस सगळ्यांना पाठ असते, फरिश्ते घरात येत नाहीत ती. विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची मगफिरत झाली, ती हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. पण ती जुम्याच्या बयानात येते आणि बयान संपल्यावर मशिदीच्या फाटकाशी बसलेल्या कुत्र्याला मुले दगड मारतात. मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला 'माझा आवडता प्राणी' हा निबंध देतो. चाळीसपैकी पंचवीस मुले मांजर लिहितात, दहा-बारा बकरा लिहितात आणि उरलेली घोडा. घोडा कोणी पाहिलेला नसतो. कुत्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो लिहीत कोणी नाही.

असो. एप्रिल २०२३ मध्ये भावाला बर्लिनमधली नोकरी मिळाली. त्याने जूनमध्ये जायचे, भावजय आणि पुतण्याने व्हिसा आल्यावर जायचे, असे ठरले. त्या रात्री जेवताना पुतण्याने विचारले, "शेरूचा व्हिसा कधी येणार?" सगळे हसले. तो हसला नाही. भाऊ म्हणाला, "शेरू बडे अब्बूंकडे राहील." मुलगा ताटावरून उठला. रडला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मग मीपण बडे अब्बूंकडे राहतो." नऊ वर्षांच्या मुलाची धमकी म्हणून सोडून देता आली असती. पण पुढे आठवडाभर तो रोज शाळेतून आल्यावर मधल्या पायरीवर शेरूजवळ बसून जेवायचा. जिन्याच्या वर जायचा नाही आणि खालीही यायचा नाही.

नातेवाइकांनी सल्ले दिले. सोडून द्या कुठेतरी लांब. मासळी बाजारात सोडा, खाऊन जगेल. तिकडे दुसरा घेऊन द्या. हे सल्ले देणारे वाईट लोक नव्हते. कोकणात कुत्रा सोडून जाणे ही नवी गोष्टच नाही. आमच्या बाजूच्या गावांत निम्मी घरे वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात. माणसे मुंबईला, आखातात. मे महिन्यात आणि सणाला घर उघडते, आठ-दहा दिवस तव्यावर भाकऱ्या पडतात आणि अंगणात एक कुत्रा हिलतो. मग परत कुलूप. कुत्रा काही दिवस त्याच पायरीवर बसतो. अब्बांच्या मूळ गावी असे एक कुत्रे मी स्वतः पाहिले आहे. आम्ही घराजवळून गेलो की ते उठून दारापर्यंत जायचे आणि दाराकडे पाहायचे, जणू चावी आमच्याकडे असावी.

आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना मी विचारले. मला वाटले होते ते म्हणतील, कुत्र्यावर पैसा कशाला. त्यांनी उलट मला मांजरीची हदीस सांगितली. एका बाईने मांजर बांधून ठेवली, खायला दिले नाही, सोडलेही नाही, म्हणून तिला अजाब झाला. "पाळावा की नाही हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी विचारायचा होता," ते म्हणाले. "आता तो तुमच्या जिम्म्यावर आहे. एक तर त्याला नीट सांभाळणारा माणूस शोधा, नाहीतर बरोबर न्या." सांभाळणारा माणूस मीच होतो आणि मला ते जमले असते. पण मुलाचे काय, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शेवटी भावानेच ठरवले. फोनवर भाऊ एवढेच म्हणाला, "भाईजान, नेऊ या. काय काय लागते ते तुम्ही बघा."

काय काय लागते ते बघताना माझे डोळे पांढरे झाले. वाचकांपैकी कोणाला कधी गरज पडली तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरोपीय संघाने रेबीजच्या दृष्टीने देशांचे गट केले आहेत. काही देश यादीत आहेत, भारत यादीत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. गंमत म्हणजे संयुक्त अरब अमिराती यादीत आहे. शेरू दुबईतल्या माझ्या चुलतभावाचा असता तर अर्धी कामे वाचली असती. यादीबाहेरच्या देशातून कुत्रा न्यायचा तर क्रम असा आहे. आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू मानेजवळ कातडीखाली सुईने घालतात, तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. ही चिप आंतरराष्ट्रीय मानकाची असावी लागते, नाहीतर तिकडच्या यंत्राला ती वाचता येत नाही. चिप बसवल्यावर रेबीजची लस. आधी घेतलेल्या लसी धरत नाहीत, कारण त्या कोणत्या कुत्र्याला दिल्या याचा पुरावा नाही. शेरूला तीन वर्षे नियमाने लस दिली होती, तिची पुस्तिका होती, शिक्के होते. सगळे बाद. नव्याने सुरुवात.

लस दिल्यावर किमान तीस दिवस थांबायचे. मग रक्त काढायचे. ते रक्त युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासले गेले पाहिजे. त्यात रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवे. ते आले तरी लगेच जाता येत नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून किमान चार महिने. ज्यांच्या हातात जॉइनिंगला सहा आठवडे असतात ते कुत्रे का सोडून जातात, ते मला हा हिशेब मांडल्यावर कळले. त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते.

शिवाय एक नियम असा, की कुत्रा मालकाबरोबर किंवा मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत गेला पाहिजे. त्यापेक्षा जास्त अंतर पडले तर तो घरगुती प्रवास धरत नाहीत, व्यापारी आयातीचे जास्त कडक नियम लागतात. भाऊ जूनमध्ये जाणार होता. त्यामुळे सगळे कागद भावजयीच्या नावाने केले. शेरूची कागदोपत्री मालकीण ती झाली. पुतण्याला हे अजिबात आवडले नाही. "माझ्या नावाने का नाही?" मी म्हटले, तू अज्ञान आहेस. त्याने अज्ञान या शब्दाचा अर्थ विचारला आणि तो आणखी रागावला.

१० मेला चिप आणि लस. १४ जूनला रक्त. मधल्या काळात भाऊ गेला. त्याला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. शेरू घरी होता.

ज्या दवाखान्यात हे सगळे झाले तिथल्या डॉक्टरांनी मनापासून काम केले, पण घाई फार. घरी आल्यावर मी नवी पुस्तिका आणि चिपचे स्टिकर समोरासमोर ठेवून आकडे जुळवले. हा सवयीचा भाग आहे. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला बेरीज दोनदा करायची सवय लागते, कारण एका मार्काने मूल बसते. पुस्तिकेत शेवटून तिसरा आकडा ३ होता, स्टिकरवर ८. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात उभा राहिलो, खाडाखोड नको म्हणून नवीन पुस्तिकाच करून घेतली, सही-शिक्क्यासह. तिथला मुलगा म्हणाला, "सर, एका आकड्याने काय होते?" काय होते ते नियमात लिहिलेले आहे. कागद आणि कुत्रा जुळले नाहीत तर त्याला आल्या देशी परत पाठवतात, किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवतात, आणि दोन्ही शक्य नसेल तर मारून टाकतात. हे शेवटचे वाक्य मी घरात कोणाला वाचून दाखवले नाही. तो कागद माझ्या कपाटात, पेन्शनच्या फायलीखाली होता.

जुलैत निकाल आला. प्रमाण ०.५ च्या बरेच वर होते. अम्मींनी विचारले, "पास झाला का?" मी म्हटले, डिस्टिंक्शन. त्या दिवशी शेरूला बांगड्याची दोन डोकी जास्त मिळाली.

पिंजऱ्याचे माप ही वेगळी कथा. जिवंत जनावरे विमानातून नेण्याचे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचे नियम आहेत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाच्या जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ती रुंदी. उभा असताना कानाच्या टोकापर्यंतची उंची अधिक अंथरूण ती उंची. कुत्र्याला आत उभे राहता, वळता आणि नीट झोपता आले पाहिजे एवढाच त्याचा अर्थ. पण माप घेणार कोण? पुतण्याला टेप धरता येईना, भावजय हसून हसून खाली बसली. शेवटी मी. आणि बाहेर कोकणातला जुलै. शेरू नखशिखान्त भिजलेला. तीन वर्षे मी त्याच्याशी बोललो होतो, त्याला भात टाकला होता, पण हात लावला नव्हता. त्या दिवशी त्याच्या छातीखालून हात घालून त्याला उभा धरला. आतून त्याचे काळीज इतक्या जोरात उडत होते की माझ्या मनगटाला कळत होते. लांबी ६२ सेंटिमीटर, पाय ३०, खांदे १८. मी आकडे सांगत होतो, पुतण्या वहीत लिहीत होता, आणि शेरू माझी कोपरे चाटत होता.

मग परसातल्या नळावर मी हात धुवायला बसलो. अम्मी स्वतः नारळाच्या आळ्यातली माती वाटीत घेऊन आल्या आणि बाजूला उभ्या राहून मोजू लागल्या. एक, दोन. चौथ्यानंतर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "थरथरत होता का रे?" मी म्हटले, हो. मग परत पाचपासून मोजले.

पिंजरा दोन महिने आधी आणून पडवीत ठेवला. त्याचे जेवण त्यातच ठेवायचे, दार उघडे. पहिले तीन दिवस त्याने पुढचे पाय आत टाकून, मागचे बाहेर ठेवून खाल्ले. आठवड्याने आत झोपू लागला. पुतण्याला वाटत होते की झोपेची गोळी देऊन न्यावे, म्हणजे त्याला भीती वाटणार नाही. ते करायचे नसते. उंचीवर, बधिर अवस्थेत, जनावराचा रक्तदाब आणि श्वास बिघडू शकतो, म्हणून विमान कंपन्या गुंगी दिलेला कुत्रा घेतच नाहीत. भीती वाटली तरी शुद्धीवर असलेले बरे. हे मुलाला समजावताना माझ्या लक्षात आले की मी त्याच्याविषयीही तेच बोलतो आहे. त्यालाही जर्मन येत नव्हती.

याच काळात मोहल्ल्यात खर्चाची चर्चा सुरू झाली. चिप, लस, रक्ततपासणी, कुरिअर, पिंजरा, मुंबईच्या फेऱ्या, विमानाचे भाडे, सगळे मिळून पावणेदोन लाखांच्या घरात गेले. एका एजंटाने चार लाख सांगितले होते, त्या मानाने कमीच. पण आमच्या मोहल्ल्यात पावणेदोन लाख कमी नाहीत. एका बुजुर्गांनी मला थांबवून विचारले, "मास्तर, या पैशात किती मुलींची फी झाली असती?" त्यांना माहीत नव्हते, पण त्याच महिन्यात माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली होती. एसटीचा पास मोफत असतो, पण स्टॉपपर्यंत रिक्षा लागते आणि रिक्षाचे पैसे नव्हते. मी तिच्या घरी जाऊन आलो होतो. तिच्या आईने मला चहा दिला, आणि मला तो घशाखाली उतरवता येईना. पैसे भावाचे होते. जकात तो दरवर्षी हिशेबाने काढतो. हे सगळे मी त्या बुजुर्गांना सांगितले. त्यांच्या स्वतःच्या नातवाच्या वलीम्यात बाराशे माणसे जेवली होती, तेव्हा फीचा प्रश्न कोणी काढला नव्हता, हेही माझ्या तोंडावर आले होते. ते मी गिळले, वयाचा मान म्हणून. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. भावाला मी त्या मुलीबद्दल कळवले, त्याने तिची वर्षाची रिक्षा लावून दिली. आता कोणी म्हणेल, झाले की मग. तसे ते होत नाही. वर्गात तशा आणखी चार मुली आहेत.

व्हिसा सप्टेंबरच्या शेवटी आले, शेरूचे तीन महिने तोवर संपलेले होते. परतीच्या टप्प्यातले काम सरकारी आहे. केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण आणि प्रमाणपत्र सेवेचे कार्यालय मुंबईत आहे. तिथे कुत्रा, कागद आणि मालक घेऊन जायचे. युरोपसाठीचा आरोग्य दाखला ठरलेल्या नमुन्यात, इंग्रजी आणि ज्या देशात उतरायचे त्याच्या भाषेत असतो, आणि दिल्यापासून दहा दिवसांच्या आत तिकडे पोचावे लागते. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनला कुत्रा प्रवाशाच्या सामानात चालत नाही, कार्गोनेच न्यावा लागतो, आणि पोचण्याआधी एक ते पाच दिवसांच्या खिडकीत पट्टकृमीचे औषध पाजलेले लागते. ऑस्ट्रेलियाला तर भारतातून थेट नेताच येत नाही. आधी मान्यताप्राप्त तिसऱ्या देशात ठेवायचा, मग मेलबर्नजवळच्या सरकारी विलगीकरण केंद्रात. जर्मनीत पिटबुल आणि तशा काही जाती आणायला बंदी आहे. आमच्या अर्जात 'जात' असा रकाना होता. पुतण्या म्हणाला, "कोकणी लिहा." आम्ही संमिश्र लिहिले.

मुंबईला रस्त्याने गेलो. महामार्गाबद्दल मी लिहीत नाही, ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना माहीत आहे. अम्मी आल्या नाहीत. निघताना त्यांनी नातवाच्या दंडाला इमाम-ए-जामिन बांधला. मग थोडे थांबून गाडीच्या मागच्या दाराशी आल्या, पिंजऱ्याच्या जाळीपासून वीतभर अंतरावर उभ्या राहून काहीतरी पुटपुटल्या आणि फुंकले. भावजयीने माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याकडे पाहिले.

अस्हाब-ए-कहफची गोष्ट अम्मींना फार आवडते. जुम्याला सूरह कहफ त्या चुकवत नाहीत. जुलमी राजापासून ईमान वाचवायला घर सोडून निघालेले तरुण, गुहेत शेकडो वर्षांची झोप आणि गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा. ते किती होते याची चर्चा कुरआनात येते तेव्हा प्रत्येक वेळी कुत्राही मोजलेला आहे. त्याचे नाव कुरआनात नाही, परंपरेने त्याला कितमीर म्हणतात. पूर्वी मुस्लिम मुलुखांत समुद्रापार जाणाऱ्या पत्रांवर कितमीरचे नाव लिहायची रीत होती, पत्र वाटेत हरवू नये म्हणून. हे मी गाडीत पुतण्याला सांगितले. पनवेलला चहाला थांबलो तेव्हा त्याने माझ्या खिशातले पेन मागून घेतले. पिंजऱ्यावर हिरवी 'जिवंत प्राणी' अशी पट्टी आणि वरची बाजू दाखवणारे बाण लावलेले होते. त्याखाली त्याने उर्दूत, शाळेत शिकवतात तशा सावकाश नस्तालिकमध्ये ते नाव लिहिले. काफवर दोन नुक्ते द्यायला विसरला होता. मी दिले.

विमानतळावर पिंजऱ्यातून शेरूला एकदा बाहेर काढावे लागले, पिंजरा रिकामा तपासण्यासाठी. पट्टा माझ्या हातात होता. तो भुंकला नाही, ओढलेही नाही. माझ्या पायजम्याला टेकून बसला. मग त्याला आत घातले, दाराला चारी बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या ओढल्या, आणि दोन माणसे त्याला ढकलगाडीवर घेऊन गेली. विमानाच्या पोटातही हवेचा दाब आणि तापमान राखलेला भाग असतो, त्यात तो जाणार होता. पुतण्या काच संपेपर्यंत बाजूबाजूने चालत गेला.

पुढचे फोनवर कळले. फ्रँकफर्टला उतरल्यावर पशुवैद्यकीय तपासणीत एका बाईंनी यंत्र त्याच्या मानेवरून फिरवले, ते वाजले, पडद्यावर पंधरा आकडे आले. त्यांनी कागदावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. भावजय म्हणाली, "भाईजान, शेवटून तिसऱ्याला मी डोळे मिटले." मग शिक्का बसला. तिथून बर्लिनला रेल्वेने, कुत्र्याचे वेगळे तिकीट काढून आणि तोंडाला मुसके बांधून. बर्लिनमध्ये कुत्र्यावर कर आहे, एका कुत्र्यामागे वर्षाला १२० युरो. पुतण्याने त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा फोटो पाठवला आणि लिहिले की आमच्या घरात दोघेच टॅक्स भरतात, अब्बू आणि शेरू.

अम्मी दर जुम्याला त्यांच्याशी बोलतात. वरचा मजला बंद आहे, पिंजरा होता तिथे आता माझी स्कूटर असते. गेल्या महिन्यात पुतण्या सांगत होता, बर्फ पडल्यापासून शेरू बाहेर पाय टाकत नाही, म्हणून त्याला बूट घेतले. अम्मींनी फोन कानापासून लांब धरला, माझ्याकडे पाहिले, परत कानाला लावला.

"कुत्र्याला बूट? तौबा," त्या म्हणाल्या. आणि मग, "म्हणजे दोन जोड घ्यावे लागले असतील?"